मुक्यांचे बळ

वाचकहो, आमच्या घरात एक वीस पैलूंचा फासा आहे. निळ्या रंगाचा, बोराएवढा. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या नातवाने तो माझ्या पत्नीच्या हाती दिला आणि तेव्हापासून तो तिचाच झाला. तिला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. नातवाचे नाव तिला कधी आठवते, कधी आठवत नाही. पण फासा हाती आला की लहानपणी चिंचोके झेलावेत तशी ती तो तळहातावर झेलते आणि चेहऱ्यावर हसू उमटते. तो तोंडात जाणार नाही याकडे मात्र कोणीतरी लक्ष ठेवावे लागते.

या फाशाने मला पासष्ट वर्षे मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट बोलावयास लावली आणि पुढे आमच्या घरावर आलेल्या एका प्रसंगातून वाट दाखविली. ती हकिकत आपणांस सांगावी असे वाटते. आपण घरात एखाद्या वृद्धाची शुश्रूषा करीत असाल, तर ती आपल्या उपयोगी पडेल.

प्रथम खेळाविषयी. नातू आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी रात्री एक खेळ खेळतात. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात एक जण सूत्रधार होतो. तो गाव, जंगल, राजवाडा यांचे वर्णन करतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपण काय करणार ते सांगतात. ते साधले की फसले, हे फासा ठरवितो. थोडक्यात, आपल्या सोंगी भारुडात फासा आणून ठेवावा तसा हा प्रकार. आमचा नातू सूत्रधार आहे.

पाडव्याच्या दुपारी तो जरा खट्टू होऊन बसला होता. म्हणाला, “आबा, माझ्या गोष्टीत चेटकिणी शोधून मारणाऱ्यांची एक सेना आहे. पण ते सगळे सारखेच झालेत. काळे झगे, हातात मशाली. दिसले की लढायचं, एवढंच. दोन शनिवारांत मित्र कंटाळले.”

मी विचारले, “चेटकीण धरणारी माणसे तू कधी पाहिलीस?”

“मी कुठून पाहणार?”

“मी पाहिली आहेत,” मी म्हणालो. “ती सारखी नव्हती.”

मराठवाड्यातील जुन्या वाचकांना भानामती म्हणजे काय हे सांगावयास नको. खुंटीवरचे लुगडे आपोआप पेटते, घरावर दगड पडतात, अन्नात शेण सापडते, अंगावर आणि कपड्यांवर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उमटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. मग ‘हे कोणी केले’ याचा शोध सुरू होतो. आणि तो शोध बहुधा गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसापाशी जाऊन थांबतो.

१९६० च्या सुमाराची गोष्ट. आमचा हा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो पुढे १९९९ मध्ये. मी अकरा वर्षांचा होतो. गोरेगावपासून काही कोसांवरच्या एका वाडीत आमचे नातलग राहत. तेथील एका मोठ्या घरात भानामती सुरू झाली. त्याच वाडीत एक म्हातारी विधवा एकटी राहत असे. सारी वाडी तिला आत्या म्हणे. ती स्वतःशीच बोले, रात्री-अपरात्री विहिरीकडे जाई, ओळखीच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारी. आज मला वाटते, तिलाही माझ्या पत्नीसारखाच आजार असावा. तेव्हा वाडीने त्याचा निराळा अर्थ लावला.

एका संध्याकाळी माणसे पारावर जमली. मी वडिलांचे धोतर धरून उभा होतो. ज्या घरात भानामती होती तेथला कर्ता पुरुष खरोखर रडत होता. त्याचे तान्हे मूल महिन्यापूर्वी गेले होते. एक वृद्ध गृहस्थ ‘पोथीत असेच सांगितले आहे’ म्हणत होते. आत्याच्या दोन एकर रानाला लागून ज्याचे शेत होते, तो सर्वांत मोठ्याने बोलत होता. एका मास्तरांनी विचारले, “कोणी डोळ्यांनी पाहिले का?” एक बाई कळवळून म्हणाली, “मारू नका बा म्हातारीला, नुसतं वाडीबाहेर घाला.” आणि बाकीची साठ-सत्तर माणसे गप्प उभी होती. माझे वडीलही.

शेवटी त्या बाईचेच म्हणणे मान्य झाले. आत्याचे केस कापून तिला त्याच रात्री वेशीबाहेर घातले. ती पुन्हा कोणास दिसली नाही. मधला पाऊस सरला तेव्हा तिच्या रानात शेजाऱ्याची ज्वारी उभी होती.

आता मी कोणास न सांगितलेला भाग. त्याच्या दोन दिवस आधी, चेंडू शोधताना मी त्या मोठ्या घराच्या गोठ्यामागे गेलो होतो. तेथे घरची धाकटी सून बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिच्या एका हातात बिब्बा होता, दुसऱ्या हातात सुई. आणि ती आपल्याच दंडावर फुली काढीत होती. तिने माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत कपट नव्हते, केवळ दमलेपण होते. मी पळालो. पारावर मी हे बोललो असतो तर आत्या वाचली असती. पण ती पोर वाचली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढे खरे, की मी बोललो नाही.

हे सारे ऐकून नातू बराच वेळ स्तब्ध बसला. मग त्याने वही उघडली. म्हणाला, “आबा, त्या पारावरच्या माणसांचे गट करू या.”

त्या दिवाळीत आम्ही आजोबा-नातवाने चेटकीण शोधणाऱ्यांचे गट पाडले. प्रत्येक गटासाठी तीन प्रश्न लिहिले: याला भय कशाचे आहे? याला हवे काय आहे? आणि याचे मन कशाने पालटेल? नातवाने युरोपातल्या खऱ्या घटना शोधून काढल्या. त्या वाचताना मला आमचा पार पुन्हा पुन्हा दिसत होता.

पहिला गट भ्यालेल्यांचा. यांचे मूल गेलेले असते, गुरे मेलेली असतात. दुःखाला कारण हवे असते. यांचे मन वादाने पालटत नाही; दुःखावर इलाज मिळाला तरच पालटते.

दुसरा गट पोथीवाल्यांचा. हाइनरिख क्रामर नावाच्या जर्मन धर्माधिकाऱ्याने १४८५ मध्ये इन्सब्रुक येथे स्त्रियांवर चेटकाचा खटला भरला. त्या प्रदेशाच्याच बिशपने तो मोडीत काढून त्याला निघून जाण्यास सांगितले. त्यानंतर क्रामरने चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि कशा शिक्षा कराव्यात याचा ग्रंथच लिहिला, आणि तो पुढे दोन शतके वापरला गेला. अशांना बाहेरच्याने शहाणपण सांगून भागत नाही. त्यांच्याच घरातला, त्यांच्याच श्रद्धेचा मोठा माणूस उभा राहावा लागतो, त्या बिशपसारखा.

तिसरा गट लाभाचा. इंग्लंडमध्ये १६४५ ते १६४७ या काळात मॅथ्यू हॉपकिन्स गावोगाव फिरून चेटकिणी हुडकून देई आणि त्याबद्दल गावांकडून पैसे घेई. आमच्या पारावर तो शेजारी होता. यांचे मन पालटत नाही. लाभ आटला आणि कायद्याचा धाक बसला की पाय मात्र मागे फिरतात.

चौथा गट पुरावा मागणाऱ्यांचा. याची गोष्ट नातवाला फार आवडली. आलोन्सो दे सालाझार हा स्पेनमधील धर्मन्यायालयाचा न्यायाधीश, म्हणजे शोधणाऱ्यांपैकीच एक. १६१० मध्ये लोग्रोन्यो येथे झालेल्या शिक्षांत त्याचाही वाटा होता. परंतु मनात शंका राहिल्याने १६११ मध्ये तो स्वतः बास्क प्रदेशातील खेड्यांतून हिंडला, शेकडो लोकांचे जबाब घेतले, चेटकाची म्हणून आणलेली मलमे तपासून घेतली. ती मलमे निरुपद्रवी निघाली. आपल्याला चेटकाचा एकही पुरावा सापडला नाही, असा अहवाल त्याने दिला. १६१४ मध्ये धर्मन्यायालयाने असे खटले चालविण्यावर कडक निर्बंध घातले. “म्हणजे आबा,” नातू म्हणाला, “सेनेच्या आतच एक माणूस सेना थांबवू शकतो!”

पाचवा गट दयावंतांचा. ‘मारू नका, नुसते बाहेर घाला’ म्हणणाऱ्यांचा. नातवाने यांना चांगल्या बाजूला लिहिले होते. मी ते खोडावयास लावले. आत्याला वेशीबाहेर नेले ते याच गटाने. दोष मान्य करून शिक्षा तेवढी सौम्य करणे याला दया म्हणता येत नाही.

“आणि सहावा?” त्याने विचारले.

“सहावा मुक्यांचा.”

“पण आबा, गप्प बसणं हा काही विचार नाही. मग त्यांचा गट कसा होईल?”

“आहे ना विचार. ‘आपल्याला काय करायचे’ हा. आणि पारावर सर्वांत मोठा गट तोच होता.”

त्यावर त्याने बराच विचार केला आणि रात्री जेवताना एक नियम सांगितला. त्याच्या खेळात मुक्यांना स्वतःचा डाव नाही. परंतु प्रत्येक सभेत जो गट प्रथम आणि स्पष्ट बोलेल, त्याच्या फाशात मुक्यांचे सारे बळ मिळविले जाईल. पासष्ट वर्षे मी ज्याच्याशी झुंजत होतो, ते त्या पोराने एका ओळीत लिहिले.

हा खेळ झाला. पण जानेवारीत तोच पार माझ्या ओसरीवर भरला.

आमच्याकडे एक बाई दिवसभर येतात. त्याही विधवाच. पत्नीला न्हाऊ घालणे, भरवणे, पाय चेपणे सर्व त्या करतात; त्यांच्यामुळे माझा संसार उभा आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नीची प्रकृती दोन दिवसांत पार बदलली. ती रात्रभर जागू लागली, कोपऱ्यात माणसे उभी आहेत म्हणू लागली, अन्न दूर लोटू लागली. आणि एके सकाळी त्या बाईंकडे बोट दाखवून किंचाळली, “हिनं माझ्यावर करणी केली!”

तिचा आवाज गल्लीत ऐकू गेला. संध्याकाळपर्यंत नातलग जमले. माझे मेहुणे हुंदके देत म्हणाले, “दाजी, बहीण डोळ्यांदेखत चालली माझी. काहीतरी करा.” एक चुलतभाऊ म्हणाला, आपण एका जाणत्याला विचारून आलो आहोत, घरात येणाऱ्या बाईचेच हे काम आहे आणि अकरा हजारांत तो उतरवून देईल. माझी थोरली बहीण हळूच म्हणाली, “त्या बाईला काही बोलू नका, नुसतं उद्यापासून येऊ नको म्हणा.” बाकीचे चहाच्या कपात पाहत होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. त्या बाईंना सारे ऐकू येत होते.

वाचकहो, मी शूर माणूस नाही. परंतु त्या क्षणी मला तो नियम आठवला. पुढचा माणूस तोंड उघडण्याआधी मी म्हणालो, “उद्या सकाळी हिला हिंगोलीला डॉक्टरांकडे न्यायचे आहे. या बाई माझ्यासोबत येतील. त्यांच्यावाचून ती गाडीत बसणार नाही.”

मग एकेकाशी वेगळे बोललो. मेहुण्यांना म्हणालो, “तुम्हीही चला, डॉक्टर काय सांगतात ते तुमच्या कानांनी ऐका.” बहिणीला म्हणालो, “अक्का, उद्यापासून येऊ नको म्हणणे म्हणजे गावाला ‘हिने केले’ असे सांगणे. मग ती कोणाच्या दारात उभी राहील?” चुलतभावाला मात्र कायदा सांगितला. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखादी व्यक्ती करणी किंवा भानामती करते असे भासवून तिला त्रास देणे हा त्याखाली अजामीनपात्र गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. तो जाणता नंतर आमच्या घराकडे फिरकला नाही. आणि चहाच्या कपात पाहणारे? त्यांपैकी दोघे म्हणाले, “गुरुजी म्हणतात ते बरोबर आहे.” मुक्यांचे बळ असे फिरते, हे मी प्रथमच पाहिले.

त्या बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, उद्या किती वाजता निघायचं?”

डॉक्टरांनी तपासून लघवीची चाचणी करविली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. म्हातारपणी अशा संसर्गात ताप किंवा जळजळ नसतानाही माणूस एकाएकी भ्रमात जाऊ शकतो. स्मृतिभ्रंश असेल तर अधिकच. औषध सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत कोपऱ्यातली माणसे नाहीशी झाली. स्मृतिभ्रंश तसाच आहे, तो जाणारा नाही. पण आता ती त्याच बाईंच्या हातून जेवते.

मेहुण्यांनी त्या दिवशी डॉक्टरांना बरेच विचारले. त्यांनी जे सांगितले ते आपणही लक्षात ठेवावे. वृद्ध माणसाच्या वागण्यात काही तासांत किंवा दिवसांत एकाएकी फरक पडला, तर तो म्हातारचळ समजू नये आणि बाहेरची बाधाही समजू नये. संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर खाली जाणे, नव्या औषधाचा परिणाम, बद्धकोष्ठ, डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही असू शकते. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आणि उदासीनता यांमुळेही हळूहळू विसरभोळेपणा वाढतो, आणि त्यांवर उपचार आहेत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण जवळच्या माणसावरच चोरीचा, विषाचा, करणीचा आळ घेतो. कारण दिवसभर त्याच्यासमोर तोच माणूस असतो. त्याच्याशी वाद घालू नये. ‘तुला भीती वाटली ना? मी आहे येथे’ असे म्हणावे आणि लक्ष दुसरीकडे न्यावे. परंतु त्याचे बोलणे गावात साक्ष म्हणून फिरू देऊ नये.

हे सारे जुन्या काळचे आहे असे मानू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द या गावी भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. २०२४ च्या डिसेंबरअखेर मेळघाटात एका ७७ वर्षांच्या आजींचा जादूटोण्याच्या संशयावरून अमानुष छळ झाला. अशा संशयाचे बळी पुष्कळदा आपल्या वयाचे असतात, हे आपण विसरू नये. आपल्या परिसरात असे काही शिजत असल्याचे दिसले, तर ११२ वर पोलिसांना कळवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे, आणि मनावर ताण आलेल्या कोणालाही, मग तो रुग्ण असो वा शुश्रूषा करणारा, १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर बोलता येते.

गोठ्यामागची ती सून अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे कार्यकर्ते अशा घरात गेले की भानामती करणारी व्यक्ती शोधतात, तिच्याशी एकांतात बोलतात, तिचे दुःख समजून घेतात. पण तिचे नाव जाहीर करीत नाहीत. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो होतो. आत्या आणि ती पोर, दोघींनाही वाचविणारी वाट होती तर. फक्त ती अकरा वर्षांच्या मुलाला ठाऊक नव्हती. ज्यांना ठाऊक असावयास हवी होती ते धोतर नेसून माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्यावर मी आता रागावत नाही. त्यांचे वय मी केव्हाच ओलांडले आहे.

नातवाच्या खेळात ते सहा गट आता आले आहेत. पहिल्या सभेत त्याचे मित्र ‘बघू, कोण काय म्हणतो’ म्हणून थांबले आणि लाभवाल्यांनी सारी मुकी माणसे आपल्याकडे ओढून नेली. तेव्हापासून खेळात कोणाला कंटाळा येत नाही म्हणे. शनिवारी तो फोन लावून आजीसमोर तांब्याला टेकवून ठेवतो. गावाचा निर्णय व्हावयाचा असला की फासा टाकण्याचा मान तिचा असतो. बाई तिच्या पदराची गाठ सोडून देतात आणि ती फासा सतरंजीवर टाकते.

मागच्या शनिवारी सतरा पडले. तिने विचारले, “कोण जिंकलं?”

“अजून ठरायचंय, आजी,” नातू पलीकडून म्हणाला. “आधी कोण बोलतंय ते बघू.”